तेहतीस सेंटिलिटर

नोकरीसाठी बेल्जियममध्ये, ल्युव्हेनला येऊन मला अकरा वर्षं झाली. आले तेव्हा बिअर कधी ओठाला लावलेली नव्हती. आमच्या फलटणच्या घरात दारू हा शब्दच हळू आवाजात निघायचा. वडील, म्हणजे अण्णा, माळकरी. आणि सख्ख्या चुलत्यांचा संसार दारूपायी मातीला मिळालेला आम्ही सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेला. त्याच घरातली मी आज एका ख्रिस्ती मठात बनणाऱ्या बिअरबद्दल लिहायला बसले आहे. तिचं नाव ओर्व्हाल. बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळच्या जंगलात हा मठ आहे. जे जसं कळत गेलं, त्याच क्रमाने लिहिते.

१. पहिल्या घोटावर निकाल देऊ नये, हे मला उशिरा कळलं.

एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेले होते. त्याने फार आदराने एक बाटली काढली, मठाची गोष्ट सांगितली आणि थोडीशी माझ्या पेल्यात ओतली. मी वास घेतला आणि थबकले. तो वास माझ्या ओळखीचा होता. आजोबा, ज्यांना घरात सगळे दादा म्हणायचे, आषाढी वारी करून परत आले की त्यांची भिजलेली घोंगडी पडवीत दोन-तीन दिवस वाळत पडायची. लोकर, माती, घाम, ओल. तोच वास! मागून संत्र्याच्या सालीसारखा कडवटपणा आला आणि जीभ अगदी कोरडी झाली. मला ती आवडली नाही. निम्मी तशीच ठेवून दिली.

पुढे समजलं की हा वास ‘ब्रेटॅनोमायसिस’ नावाच्या रानटी यीस्टचा. बिअरचे जाणकार त्याला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतात. म्हणजे माझ्या नाकाने बरोबर ओळखलं होतं. फक्त घोंगडी पेल्यात भेटेल, ही अपेक्षा नव्हती. एखादी चव आवडली नाही म्हणताना ती खरंच वाईट असते की नुसती अनपेक्षित, हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारते. गंमत म्हणजे त्या रात्रीनंतर आठवडाभर मला आजोबांचीच आठवण येत राहिली. दुसरी बाटली मी त्या आठवणीसाठी आणली.

२. ‘चिल्ड’ हा शब्द मी विसरले.

आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फासारखी गार. ही बारा ते चौदा अंशांवर प्यायची, म्हणजे इथल्या तळघरात जेवढा गारवा असतो तेवढा. फ्रिजमधून थेट काढली की नुसता कडूपणा राहतो, बाकी सगळं मुकं होतं. आंबा फ्रिजमधून काढून लगेच खाल्ला तर काय हाती लागतं? तसंच.

३. ओतणं हासुद्धा चाखण्याचाच भाग आहे.

ओर्व्हालची बाटली खाली फुगीर आणि वर निमुळती. तेहतीस सेंटिलिटरची, हे एकच माप. तिच्यासाठी पेलाही वेगळा: जाड काचेचा, रुंद तोंडाचा, दांडीवर उभा, चर्चमधल्या पवित्र पेल्याची आठवण करून देणारा. हा पेला आरी व्हास या वास्तुविशारदाने आखला. नव्या मठाची इमारतही त्याचीच. म्हणजे ज्या हाताने चर्चच्या भिंती रेखल्या, त्याच हाताने पेल्याची कडही रेखली.

बाटली आडवी ठेवायची नाही, हलवायची नाही. तळाशी यीस्टचा पातळ थर बसलेला असतो. पेला तिरका धरून एका धारेत, न थांबता ओतायचं आणि शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवायचं. मध्येच थांबलात की तळाचा गाळ उसळून वर येतो. रंग गडद केशरी, जुन्या पितळेच्या तांब्याला उजेडात धरल्यासारखा. वर फेस चढतो तो साबणासारखा मोठ्या बुडबुड्यांचा नसतो, तो घट्ट असतो, ताकावर लोणी येताना जमतो तसा. बिअर खाली गेली तरी फेसाची जाळी काचेला चिकटून राहते. प्रत्येक घोटाची एक गोल रेघ उरते. पेला रिकामा झाल्यावर त्या रेघा मोजल्या तर आपण किती सावकाश प्यायलो ते कळतं. माझ्या सुरुवातीला चार असायच्या. आता अकरा-बारा असतात.

ज्याला आवडेल त्याने बाटलीत ठेवलेला गाळ शेवटी वेगळा पिऊन पाहावा. मी पिते. पावाच्या कच्च्या कणकेसारखा लागतो.

४. बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय या बिअरबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते याच गोष्टीने. मठातून बाजारात जाते ती बिअर एकच. मग एकजण तिला फुलांसारखी म्हणतो आणि दुसरा तबेल्यासारखी, असं का? दोघंही खरं बोलत असतात. त्यांच्या बाटल्यांची वयं वेगळी असतात.

होतं असं. नेहमीच्या यीस्टने पहिलं आंबवणं झालं की ही बिअर सुमारे तीन आठवडे मुरवतात. त्या वेळी तिच्यात हॉप्सची सुकी फुलं भिजत घालतात, त्यामुळे न उकळता नुसता सुगंध उतरतो. मग बाटली भरताना थोडी साखर आणि ते रानटी यीस्ट घालतात. नेहमीचं यीस्ट जी साखर पचवू शकत नाही, ती हे यीस्ट खातं, पण अगदी सावकाश, महिनोन्‌महिने. झाकण लागल्यावरही बाटलीत काम चालूच असतं. लेबलवर ६.२ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, ते जुन्या बाटलीत थोडं वाढतं. गोडवा कमी होत जातो, फुलांचा वास मागे पडतो आणि घोंगडी पुढे येते.

हे वाचून कळलं होतं, पण वाचलेलं जिभेवर उतरत नाही. एका सप्टेंबरात मी एकाच तारखेच्या सहा बाटल्या आणल्या आणि तळघरात अंधारात उभ्या ठेवल्या. दुसऱ्या महिन्यात पहिली उघडली. ताजी, कडू, लिंबाच्या पानांसारखी. सहाव्या महिन्यातली सगळ्यात अवघड निघाली. फुलं गेली होती आणि घोंगडी अजून पुरती आली नव्हती, कुठलंच काही धड नव्हतं. तेव्हा वाटलं, बाकीच्या वाटून टाकाव्यात. नाही टाकल्या. वर्ष पूर्ण झाल्यावर चौथी उघडली आणि मी खुर्चीत सरसावून बसले. कडूपणा गोल झाला होता. वाळलेलं गवत, चामडं, थोडं आंबट सफरचंद आणि इतका कोरडा, स्वच्छ शेवट की पुढचा घोट घ्यायची घाईच वाटेना. पाचवी दोन वर्षांची झाल्यावर उघडली. सहावीबद्दल शेवटी सांगते.

इथल्या काही कॅफेंत ‘तरुण’ आणि ‘म्हातारी’ अशा दोन्ही ओर्व्हाल मागता येतात. आपल्याकडे तांदूळ जुना आहे का, असं विचारतात तशाच सहजपणे गिऱ्हाईक विचारतं, “केव्हाची आहे?”

५. मठ आधी, बिअर फार नंतर. हा क्रम मी उलटा धरला होता.

माझी समजूत होती की हजार वर्षांची एकच अखंड कृती असेल. प्रत्यक्षात मठाची सुरुवात १०७० च्या सुमाराची, पण ही बिअर १९३१ ची. मधल्या काळात काय काय झालं! इटलीतून आलेल्या बेनेडिक्टी साधूंनी मठ बांधला. ११३२ मध्ये तो सिस्टर्शियन पंथाकडे गेला. १६३७ मध्ये युद्धात जळला, पुन्हा उभा राहिला. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि मग सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तिथे नुसते दगड होते. १९२६ मध्ये पुन्हा बांधायला घेतला तेव्हा पैसा हवा होता. त्यासाठी दारूभट्टी उभी राहिली. पहिला मुख्य ब्रूअर पापेनहायमर हा तर जर्मन गृहस्थ होता, साधू नव्हेच. नवं चर्च १९४८ मध्ये पवित्र झालं. त्याच्या दगडांत बिअरचा पैसा आहे.

जुन्या मठाचे भग्न अवशेष आजही नव्या इमारतीशेजारी उभे आहेत. छप्पर नसलेल्या चर्चच्या जमिनीवर गवत आहे, भिंतीतली गोल खिडकी नुसती आभाळ धरून आहे. तिथेच एक झरा आहे. टस्कनीची काउंटेस माटिल्डा हिच्या बोटातली अंगठी यात पडली, तिने प्रार्थना केली आणि एक ट्राउट मासा तोंडात अंगठी धरून वर आला, अशी दंतकथा. लेबलवरचा मासा तो हाच. बिअरचं पाणीही याच झऱ्याचं.

६. ‘मठात बनलेली’ याचा अर्थ मी भाबडेपणाने लावला होता.

माझ्या डोळ्यांसमोर झग्यातले साधू मोठ्या तांब्याच्या हंड्यात पळी फिरवत होते. आता बहुतेक काम बाहेरचे पगारी लोक करतात. साधू थोडे राहिलेत, त्यातले पुष्कळ वयस्कर. हे कळल्यावर मी खट्टू झाले होते. मग नियम नीट समजून घेतले. नॉर्मंडीतल्या ला ट्राप मठातून १६६४ मध्ये जी सुधारणा सुरू झाली, तिच्यावरून या साधूंना ट्रॅपिस्ट म्हणतात. बाटलीवर षट्कोनी ‘ट्रॅपिस्ट’ शिक्का हवा असेल तर तीन गोष्टी पाळाव्या लागतात. बिअर मठाच्या आवारात बनली पाहिजे. तिच्यावर साधूंची देखरेख पाहिजे. आणि मिळकतीतून मठाचा खर्च भागला की उरलेलं दानधर्माला गेलं पाहिजे. आखेल मठातले शेवटचे साधू २०२१ मध्ये निघून गेले आणि तिथल्या बिअरचा शिक्का गेला. कृती तीच होती, हंडे तेच होते. प्रार्थना करणारं कुणी उरलं नव्हतं. हा नियम मला फार प्रामाणिक वाटतो.

वेस्टव्हलेटरेनच्या सिंट सिक्स्टस मठाचं उदाहरण तर मी सगळ्यांना सांगते. त्यांच्या बिअरला लोक जगातली सर्वोत्तम म्हणतात. फोन लावून लावून नंबर मिळवायचा, गाडीचा क्रमांक द्यायचा, ठरल्या वेळी मठाच्या दारात जायचं, अशी विक्री होती. २०१९ पासून नोंदणी ऑनलाइन झाली. एवढी मागणी असून साधूंनी उत्पादन वाढवलं नाही. आपल्याला जगायला जेवढं लागतं तेवढंच बनवायचं, हा त्यांचा हिशोब. कुठल्याही व्यवसायात मी इतक्या शांतपणे कुणाला ‘पुरे’ म्हणताना पाहिलेलं नाही.

ती बिअर मीही मिळवली. दाट, खजूर आणि गुळाच्या काकवीसारखी, उत्तम. पण मिळवण्याच्या धावपळीत मी इतकी दमले होते की चवीकडे निम्मंच लक्ष होतं. दुर्मीळ म्हणून प्यालेली आणि लक्ष देऊन प्यालेली, यांत फरक आहे. मी ओर्व्हालकडे परतले.

७. मऊ चव म्हणजे हलकं पेय नव्हे.

हे मला अंगावर घेऊन शिकावं लागलं. रोशफोर मठाची ‘१०’ क्रमांकाची बिअर ११.३ टक्क्यांची आहे, म्हणजे वाइनच्या जवळपास. चॉकलेट आणि अंजिरासारखी लागते, घशाला कुठे टोचत नाही. एका हिवाळी संध्याकाळी बोलण्याच्या भरात मी दोन प्यायले. घरी नीट पोचले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या गप्पांतला अर्धा भाग मला आठवेना. त्या दिवशी दिवसभर मला काका दिसत होते. त्यांचीही सुरुवात अशीच, चांगल्या गप्पांनी झाली असेल. तेव्हापासून माझा नियम आहे, एका संध्याकाळी एक. ज्यांच्या घरात व्यसनाचा इतिहास आहे त्यांनी या वाटेला गेलंच नाही तर काही बिघडत नाही, हेही मला इथेच स्पष्ट लिहायचं आहे. माझ्या धाकट्या भावाने थेंबही घेतलेला नाही, आणि त्याचा निर्णय मला माझ्यापेक्षा शहाणा वाटतो.

८. जे सांगायची भीती वाटत होती, ते अण्णांनी आधीच समजून घेतलं होतं.

तीन वर्षांपूर्वी अण्णा महिनाभर आले. तळघरातल्या बाटल्या लपवाव्यात असं एकदा मनात आलं, पण पंचेचाळिसाव्या वर्षी वडिलांपासून बाटल्या लपवण्यापेक्षा बोलणं बरं. सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “जिथं बनते ती जागा तरी दाखव.”

आम्ही ओर्व्हालला गेलो. मे महिना होता. भग्न चर्चमध्ये ते एकटेच फिरले, झऱ्याजवळ उभे राहिले. मी माशाची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच दुष्यंताच्या अंगठीची आठवण काढली. तिथेही मासाच! ते मुलांना शिकवत होते तेव्हापासून शाकुंतल त्यांच्या आवडीचं.

“हे साधू स्वतः पितात का?” त्यांनी विचारलं.

“पितात, पण साधी. कमी अल्कोहोलची वेगळी करतात, ती बाजारात येत नाही. मठाशेजारच्या खानावळीत मात्र मिळते. आणि अण्णा, त्यांच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत दिवसाला किती वाइन घ्यावी याचं मापच दिलंय. साधारण पाव लिटर. ज्याला न घेता राहता येतं त्याला त्याचं वेगळं फळ मिळेल, असंही आहे.”

“माप दिलंय, हे बरं केलं,” ते म्हणाले. “आमच्या भावाला माप सांगणारं कुणी नव्हतं.”

काकांबद्दल ते माझ्याशी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलले.

संध्याकाळी शेवटच्या प्रार्थनेला आम्ही चर्चमध्ये बसलो. दिवे मंद झाले. साधू पांढऱ्या झग्यांत ओळीने उभे राहिले आणि शेवटी लॅटिनमधलं ‘साल्वे रेजिना’ झालं, मेरीमातेचं स्तोत्र. सिस्टर्शियन मठांत दिवसाचा शेवट त्यानेच होतो. एक अक्षर कळत नव्हतं. अण्णांनी डोळे मिटले होते आणि त्यांची बोटं तुळशीच्या माळेवर होती. बाहेर आल्यावर म्हणाले, “ही शेजारती झाली. काकडा किती वाजता असतो?”

पहाटे, अंधार असतानाच असतो. मी तसं सांगितलं. “मग सारखंच आहे,” म्हणाले आणि गाडीत बसले.

खानावळीत मी त्यांच्यासमोर ती साधी बिअर मागवली. त्यांनी पाव आणि सूप घेतलं. वडिलांसमोर पेला उचलताना माझा हात जड झाला होता. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, वास तरी घेऊ दे म्हणाले आणि पेला नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आपल्या दादांची घोंगडी!” मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं.

९. या साधूंसाठी बिअर हे ध्येय कधी नव्हतंच. हाताला काम हवं, एवढंच.

हे पक्कं कळलं ते एका भारतीय मठामुळे. शिमे बिअर ज्या स्कूरमों मठात बनते, तिथला फ्रान्सिस माह्यू नावाचा बेल्जियन साधू १९५५ मध्ये भारतात आला. १९५८ मध्ये बीड ग्रिफिथ्स यांच्यासोबत त्याने केरळमधल्या वागमणजवळच्या डोंगरावर कुरिसुमला आश्रम उभारला. भगवी वस्त्रं, जमिनीवर बैठक, शाकाहार. लोक त्यांना फ्रान्सिस आचार्य म्हणू लागले. हा आश्रम पुढे ट्रॅपिस्ट कुळात रीतसर सामील झाला. तिथे भट्टी नाही. त्यांनी गाई पाळल्या, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना दुधाचा जोडधंदा मिळाला. जिथे जव पिकतो तिथे बिअर, जिथे गवत उगवतं तिथे दूध. अण्णांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तिथं घेऊन जा मला.” पुढच्या जानेवारीत जायचं ठरलं आहे.

१०. सहावी बाटली.

ती परवा उघडली. बाटली भरून पाच वर्षं झाली होती. फेस थोडाच आला, रंग काळवंडला होता, हॉप्सचा मागमूस नव्हता. शेरीसारखी, जुन्या लाकडाच्या कपाटासारखी लागली. पिण्याजोगी होती, पण तिचं वय टळून गेलं होतं. कुणी विचारलं, तर माझं मत असं: बाटली भरल्यावर एक ते दोन वर्षांतली घ्या. उभी ठेवा, अंधारात ठेवा. प्यायच्या दिवशी फ्रिजमध्ये घालू नका.